मोडलं असतं तर बरं

एप्रिल २०२५. नागपुरात एप्रिल म्हणजे दोनच गोष्टी, ऊन आणि लग्नं. माझा धंदा लग्नपत्रिकांचा, त्यामुळे मला दोन्ही एकदम भोवतात. सकाळी दहापर्यंत संगणक शहाण्यासारखा चालायचा. दुपारी दोन वाजले की कोरल ड्रॉमधला गणपती इकडचा तिकडे सरकवायलाही मिनिट लागायचं आणि आतला पंखा असा ओरडायचा की गिऱ्हाईक विचारायचं, गिरणी लावली का?

रविवारी भाचा आला. त्यानं कॅबिनेटवर हात ठेवला आणि लगेच काढला.

"मामा, हा आता काढायचा. २०१७ चा आहे."

"तू कितीचा?"

"२००१."

"मी १९६९. मग कोणाला आधी काढायचं ते सांग."

तो हसला, पण हटला नाही. त्याचा हिशेब तयार होता. नवा प्रोसेसर, त्यासाठी नवा मदरबोर्ड, कारण २०२२ पासून एएमडीनं सॉकेट बदललं, आणि नव्या सॉकेटला डीडीआर-५ रॅमच लागते. म्हणजे जुनी रॅमही गेली. एसएमपीएस आठ वर्षांचा, तोही बदलायचा. राहिलं काय? पत्र्याचं कॅबिनेट.

माझाही हिशेब तयार होता. माझ्या बोर्डावर बसलेला रायझन ५ १६०० पहिल्या पिढीचा. त्याच सॉकेटसाठी एएमडीनं पुढं कितीतरी वर्षं प्रोसेसर काढले, आणि २०२२ मध्ये माझ्यासारख्या जुन्या बोर्डांनाही ५००० मालिका चालेल असं जाहीर केलं. मी म्हटलं, "मग त्यातला आठ कोअरचा घेऊ, ५७००एक्स. वर एक मोठा टॉवर कूलर. हा शेवटचाच प्रोसेसर या बोर्डावर बसणार. शेवटचा आहे, तर चांगला असू दे."

"हेच तुमचं चुकते. शेवटचा आहे म्हणून मोठा काऊन? कोरलमध्ये पत्रिका हलवताना बहुतेक वेळ एकदोन कोअरच राबतात. आठातले सहा बसून राहतील."

"आणि तुझं काय चुकते ते सांगू? दुपारीच का अडतो, हे तू विचारलंच नाही."

तो गप्प झाला. मग त्यानं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. आकडा ९५ वर जाऊन थबकला. या प्रोसेसरची तीच मर्यादा. तिथं पोचला की तो स्वतःच वेग उतरवतो, म्हणजे उष्णता कमी होते.

"हे तर नागपूरकरच झालं," मी म्हटलं. "दुपारी शटर अर्धं खाली."

"मग बघा, मोठ्या कूलरचं तुमचंही बरोबरच होतं."

पण इथं मीच अडलो. आमच्याकडे कूलर म्हटलं की वाळ्याच्या ताट्यांचा, खिडकीतला. तो पाणी उडवतो, म्हणून बाहेरच्या हवेपेक्षा गार हवा आत देतो. प्रोसेसरवरचा कूलर पाणी उडवत नाही, नुसती उष्णता उचलून खोलीत टाकतो. खोली ३८ ची असेल तर तो कितीही मोठा घ्या, ३८ च्या खाली काही नेणार नाही. शिवाय टॉवर कूलर पंधरा-साडेपंधरा सेंटिमीटर उंच. माझ्या कॅबिनेटचं झाकण त्यावर बसणारच नव्हतं. म्हणजे कूलरसाठी कॅबिनेट, आणि भाच्याच्या हिशेबातून वाचलेला तेवढा एकच पत्राही गेला.

"आधी जुना साफ करू," तो म्हणाला. "प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट आठ वर्षांची आहे."

दुसऱ्या दिवशी मशीन सकाळपासून बंद होतं. त्यानं चारही स्क्रू सोडले आणि कूलर सरळ वर ओढला. 'टक्' असा आवाज आला. कूलर वर आला, आणि त्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसरही. सॉकेटचा खटका खालीच होता, तरी. वाळलेल्या पेस्टनं पकड सोडली नव्हती. या प्रोसेसरला खालून १३३१ पिना असतात, केसासारख्या. एका कोपऱ्यातल्या पाच वाकल्या होत्या.

आम्ही दोघं काही वेळ बोललो नाही. खिडकीतल्या कूलरचं पाणी तेवढं टपटपत होतं.

मग भाच्यानं माझ्या टेबलावरची शिसं भरायची पेन्सिल घेतली, त्यातली शिसकांडी काढली आणि पोकळ टोक एकेका पिनेवर चढवून ती हलकेच सरळ केली. तासभर लागला. प्रोसेसर बसवला, तांदळाएवढी पेस्ट, कूलर, स्क्रू. बटण दाबलं. चालू झाला. भर दुपारी गणपती हवा तिकडे सरकला, आकडा ९५ च्या बराच खाली.

तेव्हा तो म्हणाला, "मामा, खरं सांगा. पिना वाकल्या तेव्हा बरं वाटलं ना?"

मी खोटं बोललो नाही. "वाटलं."

"मलाही. म्हटलं, सुटलो. आता घ्यावाच लागेल."

त्या दिवसापासून मी याच वाक्याशी भांडतो आहे. आम्ही दोघं तासभर कोअर आणि वॅट यांवर वाद घालत होतो, पण मनातून दोघंही वाट पाहत होतो ती काहीतरी मोडायची. मोडलं की निवड राहत नाही. ना उधळपट्टीचा ठपका, ना कंजुषीचा.

"पण आता तर मोडलं नाही," तो म्हणाला. "आणि चालतेही चांगला. म्हणजे घ्यायचंच नाही?"

"चौदा ऑक्टोबर विसरलास."

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपणार होता. विंडोज ११ च्या यादीत पहिल्या पिढीचा रायझन नाही. २०१८ ला आलेली दुसरी पिढी आहे. शाळेच्या प्रवेशाला पोरगं एका दिवसानं लहान ठरतं, तसा हा एका वर्षानं म्हातारा ठरला.

"बंद थोडीच पडणार आहे?" भाचा म्हणाला. "फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबतील."

"नेट काढून टाकतो मग."

"आणि पत्रिकेचा मजकूर तुम्हाला कोणी टपालानं पाठवते? व्हॉट्सॲपवरच येते ना?"

"लिनक्स?"

"तुमचं फाँटचं सॉफ्टवेअर डोंगल लावल्याशिवाय उघडत नाही. विंडोजशिवाय तर नाहीच."

मी म्हटलं, "बघ, पुन्हा तेच. आधी पिनांनी ठरवावं अशी इच्छा होती, आता तारखेनं ठरवावं. आपण कधी ठरवणार?"

"काय फरक पडते मामा? शेवटी घेणार तर तेच."

फरक पडतो, हे मला कसं समजलं ते मी त्याला सांगितलं. त्याच्या आजोबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ट्रेडल मशीन होती. पायानं चालवायची, खिळे जुळवून छापायचं. शहरात डीटीपी आलं तेव्हा लोक म्हणाले, विका. बाबा म्हणाले, चालते आहे तोवर चालवू. ती चालत राहिली, कारण ती मोडणारी वस्तूच नव्हती. मोडलं ते गिऱ्हाईक. विकायला काढली तेव्हा छापखानेवाला एकही आला नाही, भंगारवाला आला. देवनागरीचे सगळे खिळे, काने-मात्रा-वेलांट्यांसकट, किलोवर गेले.

"म्हणजे नवीन घ्या, असंच ना?"

"नाही रे. बाबांनी मशीन ठेवली याचं मला काही वाटत नाही. ठेवायची असं त्यांनी कधी ठरवलंच नाही, याचं वाटते. उद्या हा मोडेल तेव्हा तो मुहूर्त बघून मोडणार नाही. ऐन लग्नसराईत मोडेल, आणि बाजारात त्या दिवशी जे असेल ते उचलावं लागेल. चालू आहे तोवरच निवड आपली आहे."

भाचा थोडा वेळ पेन्सिलीत शिसकांडी भरत बसला. मग म्हणाला, "पण आठ वर्षांच्या बोर्डावर पैसे लावायचे? उद्या बोर्डच गेला तर?"

हा प्रश्न रास्त होता, आणि याचं पक्कं उत्तर माझ्याकडे आजही नाही. मी एवढंच म्हटलं की या सॉकेटचे बोर्ड अजून मिळतात, प्रोसेसर काढून दुसऱ्यावर बसेल. एसएमपीएसबद्दल त्याचं ऐकलं, तो नवा घेतला. आठ कोअरचा माझा हट्ट मी सोडला, सगळंच नवं घेण्याचा हट्ट त्यानं सोडला. त्याचा हट्ट अगदीच चूक होता असं नाही. व्हिडिओ करणाऱ्याला मी तोच सल्ला देईन.

लग्नसराई आटोपल्यावर रायझन ५ ५६०० आणला. जुन्यासारखेच सहा कोअर, जुन्याइतकेच ६५ वॅट, फक्त पाच वर्षांची अक्कल जास्त. ५७००एक्सच्या डब्यात कूलर नसतो, याच्या डब्यात असतो, छोटा, झाकणाखाली मावणारा. आधी बोर्डाचं बायोस नवं करावं लागलं, आणि ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचं असतं. त्याशिवाय नव्याला बोर्ड ओळखतच नाही. म्हणजे नव्यासाठी घर लावून देण्याचं शेवटचं काम जुन्यानंच केलं. आता तो नव्याच्या डब्यात, माझ्या खणात आहे. पाचही पिना सरळ.

तुम्हीही कधी असा कूलर काढणार असाल, तर आधी दहा मिनिटं मशीन चालवा, पेस्ट कोमट होऊ द्या, मग बंद करून वायर काढा. आणि सरळ वर ओढू नका. डावीउजवीकडे हलकेच फिरवा, सुटल्याचं हाताला कळेल, मगच उचला.