निवडलेले आणि वगळलेले

दहा जणांतून एकाची निवड करावयाची म्हणजे नऊ जणांस नाकारावयाचे, ही गोष्ट इतकी उघड आहे की ती बहुधा कोणाच्याच ध्यानात राहत नाही. निवडलेल्याचा सत्कार होतो. वगळलेल्याविषयी चार दिवस हळहळ व्यक्त होते, आणि मग तोही विस्मृतीत जातो. परंतु निवड करणारा हा वगळलेल्याचे काही देणे लागतो काय, आणि निवड योग्य होती की अयोग्य हे ठरवावयाचे कशावरून, हे दोन प्रश्न नीतीच्या दृष्टीने किरकोळ नाहीत. त्यांचा विचार आज आम्ही रग्बी ह्या खेळाच्या आधारे करणार आहो. हा खेळ आपल्याकडे फारसा रुजला नाही हे खरे. पण आयर्लंड, वेल्स किंवा न्यूझीलंड येथे संघाची नावे जाहीर होताच घरोघर जो वाद माजतो, तो क्रिकेटच्या संघावरून पानावरचे अन्न निवू देणाऱ्या आपल्या कुटुंबांस अनोळखी वाटू नये.

ह्या खेळात एका बाजूस पंधरा गडी असतात आणि मोठ्या सामन्यास आणखी आठ राखीव. म्हणजे जागा तेवीस. हक्क सांगणारे मात्र कितीतरी अधिक. १९९५ च्या ऑगस्टपर्यंत हा खेळ निदान नियमाने तरी हौशी होता. त्या महिन्यात तो धंदेवाईक झाला, आणि तेव्हापासून वगळले जाणे ही केवळ मानाची हानी न राहता मिळकतीचीही हानी झाली. देह झिजविणाऱ्या ह्या धंद्यात उमेदीची वर्षे थोडी. हुकलेली संधी पुन्हा येईलच असे नाही.

२०१३ सालचे एक उदाहरण घेऊ. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व आयर्लंड ह्यांचा ‘लायन्स’ नावाचा संयुक्त संघ चार वर्षांतून एकदा दौऱ्यावर निघतो. त्या वर्षी तो ऑस्ट्रेलियात होता. पहिला कसोटी सामना त्याने २३–२१ असा जिंकला, दुसरा १५–१६ असा गमावला. तिसऱ्या सामन्यापूर्वी कर्णधार सॅम वॉरबर्टन जायबंदी झाला. आता नेतृत्व आयर्लंडच्या ब्रायन ओ’ड्रिस्कॉलकडे येणार, अशी पुष्कळांची अटकळ होती. त्याचा हा चौथा दौरा. २००५ साली तो ह्याच संघाचा कर्णधार होता. वय चौतीस, म्हणजे पुन्हा अशी संधी नाही. प्रशिक्षक वॉरेन गॅटलंड ह्यांनी त्याला कर्णधार तर केले नाहीच, पण तेविसांतही घेतले नाही. दुखण्यातून उठलेला जेमी रॉबर्ट्स आणि त्याचा वेल्समधील नित्याचा जोडीदार जोनाथन डेव्हिस ह्यांस मधल्या जागा मिळाल्या. पंधरांपैकी दहा जण वेल्सचे, आणि गॅटलंड हे स्वतः वेल्सचे प्रशिक्षक. तेव्हा आयर्लंडात केवढा क्षोभ झाला असेल ह्याची कल्पना करता येईल. ६ जुलै रोजी सिडनी येथे लायन्सनी ४१–१६ असा विजय मिळविला. १९९७ नंतरचा हा त्यांचा पहिला मालिकाविजय होता.

झाले! टीकाकारांची तोंडे बंद झाली, असे पुष्कळांनी मानले. आम्हांस मात्र हा निवाडा मान्य नाही. ओ’ड्रिस्कॉल खेळला असता तर काय झाले असते, हे त्या ४१ गुणांवरून कळत नाही. कारण तो सामना झालाच नाही. पुढे १५ मार्च २०१४ रोजी पॅरिस येथे, ओ’ड्रिस्कॉलच्या देशासाठीच्या अखेरच्या सामन्यात, आयर्लंडने फ्रान्सचा २२–२० असा पराभव करून सहा राष्ट्रांची स्पर्धा जिंकली. म्हणून गॅटलंड चुकले, असेही सिद्ध होत नाही. संघ जिंकण्यासाठीच निवडतात, मग फळ हाच पुरावा का मानू नये, असे कोणी विचारील. त्यावर आमचे उत्तर असे की, जय हा निवडीचा हेतू असेल. तो तिचा न्यायाधीश नव्हे. चेंडूची एक विपरीत उसळी, पंचाची एक शिट्टी ह्यांवर जो निकाल फिरतो, त्याच्या हाती माणसाच्या विवेकाचा निवाडा सोपविणे कितपत शहाणपणाचे?

नियमांचीही हीच गोष्ट. २०१५ च्या विश्वचषकाच्या वेळी परदेशी संघांतून खेळणाऱ्यांस अपवादावाचून घ्यावयाचे नाही, असा इंग्लंडचा नियम होता. त्यामुळे फ्रान्समधील तुलाँ येथे खेळणारा स्टेफन आर्मिटेज, २०१४ साली युरोपातील सर्वोत्तम खेळाडू ठरूनही, बाहेर राहिला. यजमान इंग्लंड पहिल्याच फेरीत बाद झाले, आणि नियमाला दोष लागला. उलट ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी असाच नियम सैल करून मॅट गिटो ह्यास परत बोलाविले, आणि तो संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. परंतु तेथे त्यास ३४–१७ असे हरविणाऱ्या न्यूझीलंडचा नियम तर मायदेशी खेळणाऱ्यांसच घेण्याचा! तेव्हा कडक नियमाने इंग्लंड बुडाले म्हणावे, तर त्याच नियमाने न्यूझीलंड तरले कसे?

फळ बाजूस ठेवले तर निवडीची पारख कशाने करावी? ज्या कारणासाठी ती केली, त्या कारणाने. न्यूझीलंडच्या संघाने १९२८, १९४९ आणि १९६० साली दक्षिण आफ्रिकेचे दौरे केले, ते माओरी खेळाडूंस घरी ठेवून. कारण यजमानांस वर्णभेद प्रिय होता. १९२८ साली वगळलेल्यांत जॉर्ज नेपियासारखा नामांकित खेळाडूही होता. १९४९ साली न्यूझीलंडने चारही कसोटी सामने गमावले. पण समजा, चारही जिंकले असते, तर तो अन्याय न्याय ठरला असता काय? २०१० साली दोन्ही देशांच्या रग्बी संस्थांनी माओरी खेळाडूंची क्षमा मागितली, ती हरलेल्या सामन्यांबद्दल नव्हे. येथे कारणच खेळाच्या बाहेरचे होते, आणि म्हणून कोणत्याही विजयाने ते धुऊन निघाले नसते.

ह्यावरून आम्हांस असे वाटते की, संघातील जागा ही गतसेवेचे बक्षीस नव्हे. ओ’ड्रिस्कॉलसारख्या थोर खेळाडूचाही तीवर हक्क पोचत नाही. हक्क आहे तो निष्पक्ष विचाराचा, आणि वगळल्यास खेळातले खरे कारण तोंडावर ऐकण्याचा. दुखण्यातून उठलेली परिचित जोडी अधिक उपयोगी पडेल, हे खेळातले कारण आहे. ते चुकीचे असू शकेल, पण अन्यायाचे नाही. आपल्या ओळखीचे म्हणून दहा वेल्सकर घेतले असतील, तर ४१ गुणांनीही तो डाग जाणार नाही. ह्या दोहोंपैकी खरे कोणते, हे निवडणाऱ्याचे अंतःकरणच जाणे. आणि म्हणूनच निकाल लागण्यापूर्वी त्याने ते स्वतःस विचारले पाहिजे.

राहता राहिलो आपण, वाद घालणारे. आपणांस ना वेतन द्यावयाचे असते, ना वगळलेल्याच्या डोळ्यास डोळा भिडवावयाचा असतो. म्हणून आपली औदार्यबुद्धी अनावर होते. अमक्यास घ्या, तमक्यास घ्या असे म्हणता म्हणता आपला संघ तिसांचा होतो! ह्यावर एक साधे पथ्य आम्ही सुचवितो. ज्याने एक नाव आत घालावे, त्याने त्याच श्वासात दुसरे बाहेर काढावे, आणि ज्यास काढले त्याच्या जागी आपला भाऊ आहे असे क्षणभर मानावे. वाद त्याने थांबणार नाही, आणि थांबूही नये. मात्र त्यात ज्याचे नाव कोणी घेत नव्हते, त्याचाही विचार होऊ लागेल.