ॲप वेगळे की संकेतस्थळच?

संकेतस्थळाला ब्राउझरच्या टॅबमधून बाहेर काढून स्वतःची खिडकी, स्वतःचे नाव आणि स्वतःचे चिन्ह देणारी साधने डेस्कटॉपवर २००७ पासून आहेत. त्या वर्षी मोझिलाने प्रिझम आणले आणि मॅकवर फ्लुइड आले. २००८ मध्ये क्रोमच्या पहिल्याच आवृत्तीत ही सोय होती. प्रिझमचे काम २०११ मध्ये थांबले. पुढे नेटिव्हफायर लोकप्रिय झाले आणि २०२३ मध्ये तेही निवृत्त झाले. दरम्यान लिनक्स मिंटने वेब ॲप मॅनेजर दिला आणि ॲपलने सफारीत संकेतस्थळ थेट डॉकवर ठेवण्याची सोय केली. ही साधने सुधारावीत असे सगळेच म्हणतात. पण सुधारणा कशाला म्हणायचे हे एका जुन्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. अशा साधनाने तयार केलेली वस्तू मूळ संकेतस्थळाहून वेगळी आहे, की तेच संकेतस्थळ वेगळ्या रूपात समोर येते? कार्य कारणाहून वेगळे असते का, या नावाने भारतीय दर्शनांत हा वाद शतकानुशतके चालला आहे.

न्याय-वैशेषिकांच्या मते धाग्यांपासून विणलेले वस्त्र ही नवी वस्तू आहे. ते धाग्यांच्या आधाराने राहते हे खरे, पण विणण्यापूर्वी ते कुठेही नव्हते. हा असत्कार्यवाद. नाव वेगळे, आकार वेगळा आणि मुख्य म्हणजे काम वेगळे, हा त्यांचा पुरावा. सुट्या धाग्यांनी अंग झाकता येत नाही. सांख्यांना हे मान्य नाही. कार्य कारणात आधीपासूनच असते, ते फक्त प्रकट होते, असे ते म्हणतात, आणि ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतील नवव्या कारिकेत त्याची पाच कारणे दिली आहेत. त्यावरील तत्त्वकौमुदी या टीकेत वाचस्पती मिश्रांनी दोन मुद्दे मांडले आहेत, आणि ते आजच्या विषयाला नेमके लागू पडतात. पहिला वजनाचा: वस्त्र धाग्यांहून वेगळे असते तर त्याचे वजन धाग्यांच्या वजनाहून निराळे भरले असते, तसे भरत नाही. दुसरा कामाचा: पालखीचे भोई एकेकटे वाट दाखवण्याचे काम करू शकतात, पालखी उचलू शकत नाहीत, एकत्र आले की उचलतात. म्हणून काम बदलले एवढ्यावरून वस्तू नवी ठरत नाही.

वजनाची कसोटी नेटिव्हफायरला लावली तर निकाल उलटा लागतो. हे साधन इलेक्ट्रॉन या चौकटीवर उभे होते, आणि इलेक्ट्रॉनच्या प्रत्येक ॲपमध्ये क्रोमियम ब्राउझरची आख्खी प्रत असते. चार ओळींचे पान दाखवणारे ॲपसुद्धा शंभर एमबीच्या पुढे जाते. मग ते वेगळे झाले का? वजन वाढले खरे, पण ते संकेतस्थळाचे नाही, वाहनाचे आहे. सांख्य पंडिताने हा हिशेब लगेच पकडला असता. टॉरीसारख्या नव्या चौकटींनी तो सरळ केला: विंडोज, मॅक किंवा लिनक्समध्ये जे वेब-इंजिन आधीच असते तेच वापरायचे, त्यामुळे ॲप काही एमबींतच आटोपते. मात्र या हलकेपणाची किंमत आहे. तिन्ही प्रणालींवर इंजिने वेगवेगळी असल्याने एका ठिकाणी नीट दिसणारे पान दुसरीकडे बिघडू शकते.

जड प्रतीचा खरा दोष जागा खाणे हा नाही. डिस्क आता स्वस्त आहे. दोष असा की ती प्रत जिथे गोठली तिथेच राहते. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रे वाचणाऱ्या लायब्ररीत गंभीर त्रुटी सापडली. क्रोमची दुरुस्ती झपाट्याने आली, पण इलेक्ट्रॉनवरच्या प्रत्येक ॲपला आपापली दुरुस्ती करावी लागली. एकदा बनवून विसरून गेलेल्या वैयक्तिक ॲपकडे कोण पाहणार? आजच्या घडीला कोणतीही सुधारणा मोजताना इंजिनाची दुरुस्ती आपोआप मिळते की नाही, ही बाब सर्वांत वर ठेवावी लागते.

कामाची कसोटी नैयायिकांच्या बाजूने झुकते. माणूस टॅबऐवजी ॲप मागतो तो वेगळ्या कामासाठीच: खिडक्या बदलताना ते स्वतंत्र दिसावे, टास्कबारवर त्याचे स्वतःचे स्थान असावे, ब्राउझर बंद केला तरी ते चालू राहावे. हे वेगळेपण किती बारीक गोष्टींवर टेकलेले असते ते लिनक्सवर दिसते. तिथे प्रत्येक ॲपची एक छोटी मजकूर-फाइल असते, आणि तिच्यातली एक ओळ सांगते की अमुक वर्गनामाची खिडकी ही या ॲपची. ती ओळ नसली किंवा वर्गनाम जुळले नाही, तर पट्टीवर ॲपचे चिन्ह निष्क्रिय पडून राहते आणि उघडलेली खिडकी ब्राउझरच्या चिन्हाखाली जाऊन बसते. वापरणाऱ्याच्या लेखी ॲप तिथेच संपले. चिन्हाचेही तसेच. टॅबमधले सोळा किंवा बत्तीस पिक्सेलचे चिन्ह ताणून मोठे केले की धूसर होते. म्हणून चांगले साधन संकेतस्थळाच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपचे नाव, चिन्ह वगैरे सांगणाऱ्या मालकाच्या छोट्या फाइलमध्ये, मोठे चिन्ह शोधते आणि ते नसेल तर फोनसाठी ठेवलेले चिन्ह उचलते.

अद्वैत वेदान्ताचा मार्ग तिसरा. घटातले आकाश आणि बाहेरचे आकाश एकच. घट ही उपाधी, तिच्यामुळे भेद भासतो. मराठी संतवाङ्मयातून घटाकाश आणि मठाकाश हे शब्द घरोघर पोचले आहेत. त्या दृष्टीने संकेतस्थळ एकच, आणि ॲपची खिडकी ही उपाधी. घट फुटला तरी आकाशाचे काही बिघडत नाही, तसे ॲप काढून टाकले तरी संकेतस्थळ जागच्या जागी असते. दृष्टांत चोख आहे, पण डेस्कटॉपवर एक अडचण येते: या घटात काही साठतही असते. लॉगिनच्या कुकीज, जतन केलेला मजकूर, सूचनांची परवानगी. हा साठा घटाचा की आकाशाचा? साधनांची उत्तरे परस्परविरोधी आहेत. क्रोममध्ये बसवलेले ॲप ब्राउझरच्या त्याच प्रोफाइलमधला साठा वापरते, त्यामुळे ॲपमधून लॉगआउट केले की टॅबमध्येही लॉगआउट होते. सफारी डॉकवर ॲप ठेवताना कुकीज एकदाच उतरवून घेते. त्यानंतर दोघांचे संसार वेगळे. एका ठिकाणी अद्वैत, दुसऱ्या ठिकाणी द्वैत, आणि वापरणाऱ्याला दोन्हीपैकी काय मिळाले याची कल्पना बहुधा नसते. कार्यालयाचे आणि घरचे अशी दोन खाती सांभाळणाऱ्याला द्वैतच हवे असते. एकदाच लॉगिन करू पाहणाऱ्याला अद्वैत सोयीचे. साधनाने ॲप बनवतानाच हे विचारले, तर बऱ्याच तक्रारी मुळातच उरणार नाहीत.

सीमेचा प्रश्न याहून अवघड आहे. मॅनिफेस्टमध्ये स्कोप म्हणून एक नोंद असते. कोणत्या पत्त्यांखालची पाने ॲपची समजायची ते ती सांगते. बाहेरचा दुवा दाबला की तो ब्राउझरमध्ये उघडावा हे सरळ वाटते. पण लॉगिन अनेकदा दुसऱ्याच पत्त्यावर होते. तो पत्ता बाहेरचा मानला तर माणूस ब्राउझरमध्ये लॉगिन करून बसतो आणि ॲप दारातच उभे राहते. आतला मानला तर पासवर्ड अशा खिडकीत टाइप होतो जिच्यावर पत्त्याची पट्टीच नाही. गुगलने २०१९ मध्ये ॲपमध्ये पुरलेल्या ब्राउझरांमधून होणारी लॉगिने अडवायला सुरुवात केली त्याचे कारण हेच: अशा खिडकीच्या मालकाला टाइप केलेली अक्षरे दिसू शकतात, आणि समोर खरे पान आहे की बनावट, हे ठरवायला वापरणाऱ्याकडे काही साधन नसते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी ज्याला अध्यास म्हटले, म्हणजे एका वस्तूवर दुसरीचा आरोप, त्याची ही अगदी व्यवहारातली पायरी आहे. ॲपचे नाव आणि चिन्ह पाहून माणूस आतल्या प्रत्येक पानावर त्याच ओळखीचा आरोप करतो. क्रोम अशा वेळी, ॲपच्या खिडकीत बाहेरचे पान आले तर, वर पट्टी आणून त्याचा पत्ता दाखवते. खिडकी त्याने थोडी विद्रूप होते, पण तेवढे विद्रूप होणे रास्त आहे.

उरला काळाचा प्रश्न. संकेतस्थळ दर भेटीला नव्याने येते. आज उतरलेला मजकूर आणि मांडणी कालची नसते. बौद्धांच्या क्षणभंगवादाला याहून सोपे उदाहरण मिळणार नाही. मिलिंदपञ्ह या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेनाने रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला दिला आहे: पहिल्या प्रहराची ज्योत शेवटच्या प्रहराची नव्हे, तरी तिच्याहून सर्वस्वी वेगळीही नव्हे, प्रवाह एक आहे. मग प्रवाह एक आहे हे संगणकाने कशावरून ओळखायचे? डेस्कटॉपवरचे क्रोम बराच काळ ॲपची ओळख त्याच्या आरंभीच्या पत्त्यावरून ठरवत असे. संकेतस्थळाच्या मालकाने तो पत्ता किंचित बदलला, शेवटी एखादा शब्द जोडला, तरी ते दुसरेच ॲप ठरण्याची शक्यता होती. २०२१ मध्ये क्रोमच्या ९६व्या आवृत्तीत मॅनिफेस्टमधल्या आयडी या नोंदीला पाठबळ मिळाले. नाव, चिन्ह, आरंभीचा पत्ता काहीही बदलले तरी आयडी तोच तर ॲप तेच. बौद्धाने संतानाला, म्हणजे अशा प्रवाहाला, एकपणा व्यवहारापुरता दिला होता. इथे तो एका अक्षरमालेने दिला जातो.

मॅनिफेस्टमधली ही नोंद मालक लिहितो, वापरणारा नाही. ज्या संकेतस्थळाला मॅनिफेस्टच नाही त्याचे ॲप बनवताना ओळख, सीमा आणि नाव ही तिन्ही साधनाला स्वतः ठरवावी लागतात, आणि ती बदलण्याची मुभा वापरणाऱ्याला द्यावी लागते. मालकाला स्वतंत्र वस्तू करायचीच नव्हती; ती वापरणाऱ्याने केली. तेव्हा तिच्याबद्दलचे निर्णयही त्याच्याच हाती हवेत.

हेच ॲप काढून टाकण्यालाही लागू होते. क्रोम त्या वेळी साठवलेली माहितीही पुसायची का असे विचारते. हा पर्याय सगळीकडे हवा, आणि काय काय जाणार याची यादी समोर हवी: चिन्ह, कुकीज, उतरवलेला मजकूर, सूचनांची परवानगी. संकेतस्थळावरचे खाते मात्र त्या यादीत नसते, आणि ते नसते हे तिथेच लिहिलेले असावे, कारण चिन्ह गेले म्हणजे खातेही बंद झाले असे समजणारे लोक पुष्कळ आहेत.