सदोष कर्म आणि त्याची कैफियत

आपले कर्म निर्दोष नाही हे पुरते ठाऊक असताना कर्त्याने ते लोकांच्या हाती द्यावे काय, हा धर्मविचारातील एक अडचणीचा प्रश्न आहे. अग्नीबरोबर धूर यावयाचाच, तद्वत प्रत्येक आरंभाबरोबर दोषही यावयाचा, सबब स्वभावप्राप्त कर्म सदोष म्हणून टाकू नये, असा निर्वाळा गीतेच्या अठराव्या अध्यायात मिळतो खरा. परंतु तो कर्त्याच्या बाजूने दिलेला आहे, आणि ज्याच्या डोळ्यांत तो धूर जावयाचा त्या तिऱ्हाइताचे कर्त्याकडे काय येणे निघते, हा अर्धा प्रश्न मागे उरतोच. या उरलेल्या अर्ध्याचा विचार डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या रीतिरिवाजांत फार बारकाईने झालेला आहे.

१९९३ साली इयन मरडॉक यांनी आरंभिलेले हे कार्य आज जगभर विखुरलेले सुमारे हजार विकसक, प्रकल्पाकडून कसलेही वेतन न घेता, चालवीत असतात. नवी आवृत्ती कधी निघणार, असे कोणी विचारले तर ‘तयार होईल तेव्हा’ हे त्यांचे ठरीव उत्तर असे. पण तयार म्हणजे निर्दोष, असा त्यांचा दावा नाही. प्रणालीविरुद्ध आलेली प्रत्येक तक्रार कोणासही वाचता येईल अशा दप्तरात दाखल होते व तेथे तिचे गांभीर्य ठरते. ज्या दोषामुळे वापरणाऱ्याचा मजकूर नष्ट होईल किंवा परक्यास त्याच्या यंत्रात शिरकाव मिळेल, तो आवृत्ती अडवून धरू शकतो, आणि बाकीचे लहानमोठे दोष, नोंद कायम ठेवून, आवृत्तीबरोबर खुशाल बाहेर पडतात. आपल्या उणिवा लपवावयाच्या नाहीत, ही प्रतिज्ञा या मंडळींनी १९९७ सालच्या आपल्या सामाजिक करारनाम्यातच घालून ठेविली आहे.

आता, दोष ठाऊक आहेत तर ते काढून टाकूनच आवृत्ती का देऊ नये, असा आक्षेप येईल. त्याचे एक उत्तर असे की दोष काढण्याच्या खटपटीतूनही दोष उपजतो. २००६ साली डेबियनमधील ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या पॅकेजासंबंधाने एक तपासणीचे साधन वारंवार इशारा देत होते. तो इशारा थांबावा एवढ्याच सद्हेतूने काही मजकूर रद्द करण्यात आला, आणि त्यासरशी गुप्त किल्ल्या घडविण्यास लागणारी सारी अनिश्चितता लोपून केवळ चालू प्रक्रियेचा क्रमांक तेवढा शिल्लक राहिला, जो सामान्यतः ३२,७६८ च्या पलीकडे जात नसे. म्हणजे ज्या किल्ल्या अगणितांतून एक असावयाच्या, त्या कोणीही बसल्या जागी मोजून काढाव्यात अशा झाल्या. हा दोष २००७ च्या आवृत्तीतून राजरोस बाहेर पडला आणि मे २००८ मध्ये उघडकीस आला. आवृत्तीपूर्वी काही महिने ‘फ्रीझ’, म्हणजे बदलांवर निर्बंध, जाहीर करून, तो जसजसा कडक होईल तसतशी साध्या दुरुस्तीसही प्रकाशनमंडळाची मंजुरी आवश्यक करण्यात येते, त्यामागे हीच जाणीव आहे. शुद्धीचा उत्साहदेखील कोठेतरी आवरावा लागतो.

दुसरे उत्तर विलंबाचे आहे. जुलै २००२ च्या आवृत्तीनंतर पुढची आवृत्ती निघण्यास जून २००५ उजाडला, आणि तेवढी तीन वर्षे सावधगिरीने चालणाऱ्या वापरकर्त्यास जुन्यापुराण्या सामग्रीवर दिवस काढावे लागले. पूर्णतेची वाट पाहणारा स्वतःचे हात स्वच्छ ठेवतो, परंतु त्या स्वच्छतेची किंमत दुसराच कोणी मोजीत असतो. म्हणून अकर्माचा दोष हिशेबात न धरणारी नीती अपुरी होय. पुढे या मंडळींनी फ्रीझची मुदत कालमानाने ठरविण्याची तजवीज केली, आणि साधारण दोन वर्षांनी आवृत्ती निघण्याचा प्रघात पडला.

तेव्हा सदोष कर्म द्यावेच लागते. प्रश्न उरतो तो कसे द्यावे एवढाच, आणि येथे दस्तऐवज लिहिणाऱ्याचा अधिकार सुरू होतो. प्रत्येक आवृत्तीसोबत संकेतस्थळावर जे निवेदन प्रसिद्ध होते त्यात गुणवर्णन असतेच, परंतु ठाऊक असलेल्या अडचणींचे एक स्वतंत्र प्रकरणही असते. २०२१ च्या निवेदनात असे बजावले होते की प्रणाली बदलत असताना दूरस्थ यंत्राशी चालू असलेला संबंध टिकेल, पण नवा संबंध जुळविणे नेहमीपेक्षा अधिक काळ शक्य होणार नाही. यंत्र एका शहरात आणि आपण दुसऱ्यात, अशा स्थितीत मध्यरात्री काम करणाऱ्या माणसाला या दोन ओळींचे मोल सांगावयास नको. आपल्याकडे पूजेच्या अखेरीस घडलेल्या न्यूनाबद्दल देवाची क्षमा मागतात. ती क्षमा मोघम असते व मोघम असणेच तेथे शोभते, कारण ज्याच्यापुढे ती मागावयाची तो सर्वज्ञ मानलेला आहे. मनुष्य सर्वज्ञ नसल्यामुळे त्याच्यापुढे मोघम दिलगिरी निरुपयोगी ठरते. त्याला दोष नेमका कोणता, केव्हा बाधेल आणि त्यावर उपाय काय, एवढे सांगावे लागते. एवढेच नव्हे, तर या निवेदनातील चुकीबद्दलही त्याच उघड दप्तरात तक्रार रुजू करता येते.

अर्थात ठाऊक दोष सांगता येतात, अज्ञात दोष कसे सांगावेत? २००८ च्या प्रसंगी मंडळींनी गाजावाजा टाळला नाही. दुबळ्या किल्ल्या ओळखण्याचे साधन लोकांस दिले व त्या टाकून नव्या घडविण्यास स्पष्ट शब्दांत बजावले. फलाशा सोडावी, असे आपण म्हणतो तेव्हा फळाची जबाबदारीही सुटली असा सोयीस्कर अर्थ काढण्याकडे मनाचा कल असतो. उलट डेबियनची आवृत्ती निघाल्यावर सुरक्षेच्या दुरुस्त्या सुमारे तीन वर्षे मूळ प्रकल्पाकडून आणि पुढे पाच वर्षे पुरी होईतो दुसऱ्या एका गटाकडून मिळत राहतात. आशा कर्त्याची असते, म्हणून ती त्याला सोडता येते. जबाबदारी ही दुसऱ्याची ठेव आहे, आणि ती सोडण्याचा अधिकार कर्त्याला कोणत्याही शास्त्राने दिलेला नाही.