ताऱ्यांना फुटलेले किरण

कृत्तिकांचा एखादा चांगला फोटो घरी आलेल्या पाहुण्यांना दाखवून बघा. ताऱ्यांभोवतीचं निळसर, धुरकट पटल पाहून हमखास प्रश्न येतो, "हे कॉम्प्युटरवर केलंय ना?" प्रत्येक ठळक ताऱ्यातून निघालेल्या चार लखलखीत किरणांबद्दल मात्र कुणी शंका घेत नाही. तारा म्हणजे किरण असायचेच! खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. पटल आकाशातलं आहे आणि किरण दुर्बिणीतले.

न्यूटनच्या पद्धतीच्या दुर्बिणीत तोंडाशी एक छोटा तिरपा आरसा असतो. तो अधांतरी कसा राहणार? म्हणून चार पातळ पट्ट्यांनी तो नळीला जखडलेला असतो. ताऱ्याचा प्रकाश या पट्ट्यांच्या कडांवरून येताना जरासा पसरतो. हेच विवर्तन. प्रत्येक पट्टी स्वतःशी काटकोनात, दोन्ही बाजूंना एकेक किरण टाकते. समोरासमोरच्या पट्ट्यांचे किरण एकमेकांवर पडतात, त्यामुळे चार पट्ट्यांचे चारच किरण दिसतात. पट्ट्या तीन असल्या तर मात्र ते सहा होतात. भिंगाच्या दुर्बिणीत पट्ट्याच नाहीत, म्हणून तिथले तारे गोल टिकल्यांसारखे. जेम्स वेब दुर्बिणीच्या फोटोंत आठ किरण असतात. सहा ठळक किरण मुख्यतः तिच्या षटकोनी आरशांचे आणि दोन बारीक किरण पुढच्या आरशाला धरणाऱ्या दांड्यांचे.

आता ते संशयित पटल. 1859 साली व्हेनिसमध्ये विल्हेल्म टेंपेलला छोट्या दुर्बिणीतून मेरोपी या कृत्तिकेभोवती ते दिसलं. पुढे कितीतरी निरीक्षकांना ते दिसेना आणि ते आहे की नाही यावर वाद सुरू झाले. 1885 मध्ये पॅरिसच्या हेन्री बंधूंच्या फोटोत शेजारच्या माया ताऱ्याभोवतीही तसंच पटल उमटलं. 1912 मध्ये व्हेस्टो स्लायफरने मेरोपीजवळच्या पटलाचा वर्णपट घेतला, तो ताऱ्यांच्याच प्रकाशाशी जुळला. म्हणजे ती धूळ आहे आणि ताऱ्यांचा प्रकाश तिच्यावरून परावर्तित होतो. डोळ्यांना सहसा न दिसणारी ही गोष्ट ठामपणे दाखवली ती फोटोच्या काचेने.

आजचा हौशी छायाचित्रकार रात्रभर एकाच जागेचे ढीगभर फोटो घेतो आणि ते एकावर एक रचतो. सोळा फोटो रचले की एका फोटोच्या मानाने खरी आकृती खरखरीपेक्षा चौपट उठून दिसते. झाकण लावून घेतलेले 'डार्क' फोटो वजा करून सेन्सरच्या उष्णतेचे डाग काढायचे, एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे 'फ्लॅट' फोटो वापरून काचेवरच्या धुळीच्या सावल्या आणि कडांचा काळोख घालवायचा, मग अंधारात दबलेला भाग हलक्या हाताने वर आणायचा. या सगळ्या खटाटोपाचा अर्थ एकच, यंत्राने घातलेली भर काढून टाकायची. आणि यंत्राची सगळ्यांत ठसठशीत भर, ते किरण, मात्र तसेच ठेवायचे! मला ही विसंगती आवडते. किरण कामाचेही आहेत. वेबच्या 2022 च्या पहिल्या खोल आकाशचित्रात अणकुचीदार किरण असलेले ठिपके बहुतेक आपल्याच आकाशगंगेतले तारे आहेत. मागच्या पसरट दीर्घिकांना तसे किरण फुटत नाहीत. फोकस साधण्यासाठी तर हौशी मंडळी मुद्दाम किरण पाडतात. पावेल बाख्तिनोव या रशियन हौशी निरीक्षकाने काढलेली खाचांची जाळी दुर्बिणीपुढे लावायची आणि मधला किरण उरलेल्या दोघांच्या बरोबर मध्ये आला की फोकस जमला.

पण हौस इथे थांबत नाही. भिंगाच्या दुर्बिणीपुढे दोन दोरे आडवे-उभे ताणून किरण पाडणारे आहेत. ते मला चालतं, कारण प्रकाश खरोखर त्या दोऱ्यांवरून आलेला असतो. सॉफ्टवेअरने चिकटवलेले किरण मला चालत नाहीत. त्या किरणांच्या मागे प्रकाशाचा एक कणही नाही आणि लावणाऱ्याचा तोल गेला तर ते दीर्घिकेच्या गाभ्यालाही लागतात. तारे पुसून, नेब्युला उजळून, तेच तारे बारीक करून परत बसवण्याची पद्धत हल्ली सर्रास झाली आहे. तिच्याबद्दल माझं मत तितकं कडक नाही, फक्त ते केलं आहे हे सांगायला हवं.

तेव्हा कृत्तिकांचा फोटो काढणार असाल तर कार्तिकी पौर्णिमा टाळा, त्या रात्री चंद्र त्यांच्या जवळपासच असतो. अमावास्येकडची रात्र धरा. आणि फोटो लोकांना दाखवताना खाली दोन ओळी जरूर लिहा: दुर्बीण कोणती, एकूण एक्स्पोजर किती, आणि किरण पट्ट्यांचे, दोऱ्यांचे की सॉफ्टवेअरचे.