शार्दोने: अबोल मण्याची वाइन

शार्दोनेचा पिकलेला मणी तोंडात टाकला तर गोडी लागते, आंबटपणा लागतो. मस्कत द्राक्षासारखा चटकन ओळखू येणारा सुवास मात्र सहसा लागत नाही. पांढऱ्या वाइनच्या या नामांकित वाणाची थोरवी या अबोलपणातच आहे. स्वतःचा वास मोठा नसल्यामुळे जमीन, हवा आणि वाइन करणाऱ्याचा हात त्यात स्पष्ट उमटतो.

वाण मूळचा फ्रान्समधल्या बरगंडीचा. तिथल्या माकोने भागात याच नावाचे गावही आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीतून त्याचे जन्मदाते कळले: एक मानाचा पिनो, दुसरा ग्वे ब्लां, म्हणजे मध्ययुगीन शेतकऱ्यांच्या बागांतला, हलका समजला गेलेला वाण. गामे आणि आलिगोते ही याच जोडीची आणखी अपत्ये. खानदानी शार्दोनेचे निम्मे रक्त अशा हिणवलेल्या वेलीचे आहे, हे द्राक्षांची प्रतवारी लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

बरगंडीच्या उत्तर टोकाला शाब्ली आहे. तिथल्या चुनखडीच्या मातीत सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या इवल्या शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. हवा थंड असल्याने मण्यात आम्ल टिकते. बरीचशी वाइन स्टीलच्या टाक्यांत आंबवली जाते आणि हिरव्या सफरचंदाची, लिंबाच्या सालीची आठवण देत तरतरीत उतरते. या वेलीचे डोळे लवकर फुटतात, म्हणून एप्रिलमधल्या गोठवणाऱ्या रात्रींची बागायतदारांना धास्ती असते. कुणी ओळींमध्ये मेणाचे डबे पेटवतात, कुणी वेलींवर पाण्याचे फवारे सोडतात. पाणी गोठताना उष्णता बाहेर पडते आणि बर्फाच्या पारदर्शक कवचात कोवळा कोंब शून्य अंशाच्या आसपास तगून राहतो.

दक्षिणेला मर्सोमध्ये हेच द्राक्ष २२८ लिटरच्या ओकच्या पिंपात जाते आणि त्याचा नूरच पालटतो. तिथे बॅक्टेरिया धारदार मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल करतात. दुधाचे दही करणाऱ्या विरजणातले बॅक्टेरियाही याच कुळातले. या क्रियेत डायअसेटिल तयार होते. विरजण लावलेली साय घुसळल्यावर लोण्याला जो वास येतो, त्यात हाच पदार्थ असतो. म्हणून ‘लोण्यासारखी शार्दोने’ हे वर्णन नुसती उपमा ठरत नाही. पिंपाच्या तळाशी बसलेला यीस्टचा साका काठीने ढवळला की वाइन अंगाने भरते, आणि ओकमुळे व्हॅनिला व भाजलेल्या पावाची छटा येते.

शाम्पेनमध्ये या वाणाचे तिसरे रूप दिसते. केवळ पांढऱ्या द्राक्षांपासून केलेली तिथली ‘ब्लां द ब्लां’ बहुधा निखळ शार्दोनेची असते.

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी बाटल्यांवरची नावे न पाहता चव घेतली, तेव्हा पांढऱ्या वाइनमध्ये कॅलिफोर्नियाच्या शातो माँटेलिनाची १९७३ सालची शार्दोने बरगंडीच्या वाइनना मागे टाकून पहिली आली. पुढे मागणी वाढली तसा ओकचा अतिरेक झाला. स्वस्त वाइनमध्ये पिंपाऐवजी लाकडाचे तुकडेही टाकले गेले. १९९० च्या दशकात अनेकांनी शार्दोनेकडे पाठ फिरवली. तो राग द्राक्षावर निघाला, हा त्याच्यावर अन्यायच होता. जड झाला होता तो लाकडाचा हात.

महाराष्ट्रात नाशिककडे शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां यांचा जोर अधिक. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात फ्रातेल्ली या वाइनरीने शार्दोने लावली आहे. इथे वेलीची दोनदा छाटणी होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी. पीक हिवाळ्यात पोसते. ऊन चढू लागले की मण्यातले मॅलिक आम्ल झपाट्याने घटते, साखर मात्र वाढत राहते. त्यामुळे शाब्लीत आम्ल उतरण्याची वाट पाहावी लागते, तर इथे ते टिकवण्यासाठी तोडणीचा दिवस नेमका साधावा लागतो, आणि घड उन्हे वर येण्याआधी, गार असतानाच खुडलेले बरे.