भरपाई आणि कबुली

२१ डिसेंबर १९८८. नाताळ अवघ्या चार दिवसांवर आला असताना लंडनहून न्यूयॉर्कला निघालेले पॅन ॲम कंपनीचे विमान बॉम्बस्फोट होऊन स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर कोसळले. विमानातील २५९ आणि गावातील ११ माणसे प्राणास मुकली. २००१ साली लिबियाच्या हेरखात्यातील एका इसमास न्यायालयाने दोषी ठरविले. परंतु मृतांच्या आप्तांना एवढ्याने समाधान वाटेना. हस्तक तुरुंगात गेला. त्याला पाठविणाऱ्या राज्यसत्तेचे काय?

एका राजाने दुसऱ्या राजाचा न्याय करू नये, असा जुना संकेत आहे. १९९६ साली अमेरिकेने त्याला मुरड घातली. आपल्या सरकारने दहशतवादाचे पाठीराखे म्हणून घोषित केलेल्या देशांवर दावा लावण्याची मुभा तिने आपल्या नागरिकांना दिली. अखेर २००३ मध्ये लिबियाने प्रत्येक मृतामागे एक कोटी डॉलरपर्यंत भरपाई कबूल केली.

ख्रिस्ती माणसाने क्षमा करावी, कोर्टकज्जे कशाला, असे कोणी भाविक विचारील. पण पापनिवेदनाच्या वेळी, चोरीचा माल घरात ठेवूनच क्षमा मागणाऱ्याला आम्ही धर्मगुरू काय सांगतो? आधी ज्याचे त्याला परत कर. संत थॉमस अक्वायनस भरपाईला न्यायाचेच अंग मानतात. क्षमा करणे हे दुखावलेल्याचे कर्तव्य, भरपाई हे अपराध्याचे. पहिल्याने दुसरे फिटत नाही. तेव्हा न्यायालयाची पायरी चढणारा बाप सूडबुद्धीचाच असतो, असे मी म्हणणार नाही.

मला खटकतो तो पैसा देण्याचा प्रकार. संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध उठले की एक हप्ता, अमेरिकेचे उठले की दुसरा, काळ्या यादीतून नाव गळले की तिसरा! आपल्या अधिकाऱ्यांच्या कृत्यांची जबाबदारी लिबियाने पत्राने स्वीकारली खरी. पण २००४ साली त्यांच्याच पंतप्रधानांनी बीबीसीला सांगितले की, हा पैसा देऊन आम्ही शांतता विकत घेतली. जक्कयाने चौपट परत देऊ केले ते सर्वांदेखत, आणि पश्चात्तापाने. इथे सौदा होता. तरीही ते पैसे घेणाऱ्या विधवेला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणि ज्यांना सौदासुद्धा लाभत नाही, त्यांचे काय? २६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या मुंबईवरील हल्ल्यात १६६ जण बळी पडले. नरिमन हाऊसमध्ये मारल्या गेलेल्या ज्यू धर्मगुरूंच्या आप्तांनी २०१० साली न्यूयॉर्कमध्ये पाकिस्तानच्या आयएसआयवर दावा लावला. पाकिस्तान अमेरिकेच्या त्या यादीत नव्हते. २०१२ मध्ये अमेरिकन सरकारनेच आयएसआयला संरक्षण असल्याचे न्यायालयाला कळविले आणि पुढच्या वर्षी तिच्यावरील दावा निकालात निघाला. म्हणजे कोणाचे रक्त दाद मागण्याजोगे, हे परराष्ट्रखात्याच्या सोयीने ठरावयाचे!

संत लूकच्या शुभवर्तमानातील विधवेला न्यायाधीश अन्यायी भेटला, तरी त्याच्यापुढे उभे राहण्याची तिला आडकाठी नव्हती. त्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पती गमावलेल्या आपल्या भगिनीला परकीय राज्यावर दावा लावावयाचा झाल्यास, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८६ व्या कलमानुसार, आधी केंद्र सरकारची लेखी संमती आणावी लागते. आणि ती संमतीही व्यापार, स्थावर मालमत्ता अशा मोजक्याच बाबींत देता येते.