रजिस्टरमधलं पाणी

पुण्याच्या कसबा पेठेतल्या एका जुन्या वाड्यात राहणारे अण्णा महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं व्हॉल्व्हमन होते. पर्वतीहून पाणी सुटलं की कुठल्या बोळातला व्हॉल्व्ह किती वाजता आणि किती आटे उघडायचा, हे त्यांच्या हातांना पाठ होतं. चावी फिरवून झाली की तिथंच सायकलच्या सीटवर रजिस्टर टेकवून नोंद करायची. घरी जाऊन आठवून लिहिणं त्यांना मंजूर नव्हतं.

एकदा हाताखालच्या एका पोराने व्हॉल्व्हकडे न फिरकताच लिहून टाकलं : ‘पहाटे ५ ते ७, पूर्ण दाबाने.’ बोळाच्या टोकाच्या घरी मात्र बाया रिकाम्या कळश्या घेऊन उभ्या. अण्णांनी त्या पोराला त्याच दारात नेलं, रजिस्टर उघडून कळशीवर उपडं धरलं आणि म्हणाले, “काढ पाणी यातून.” हा किस्सा खात्यात पुढे बरीच वर्षं सांगितला जाई.

एकाहत्तराव्या वर्षी अण्णांच्या लघवीतून रक्त गेलं. मूत्रपिंडाचा कॅन्सर निघाला, फुप्फुसातही बारीक गाठी होत्या. डॉक्टरबाईंनी सुनिटिनिबच्या गोळ्या सुरू केल्या : चार आठवडे घ्यायच्या, दोन आठवडे विश्रांती.

“काका, गाठीला वाढायला रक्त लागतं. त्यासाठी ती नव्या रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढून घेते.”

“म्हणजे चोरून नळजोड!”

डॉक्टरबाई हसल्या. “अगदी तसंच. नवी वाहिनी टाका, असा जो निरोप गाठ धाडते, तो ही गोळी अडवते. पण तोच निरोप अंगातल्या चांगल्या रक्तवाहिन्यांनाही सैल ठेवत असतो. तो अडला की त्या आवळतात आणि...”

“लाइनमधलं प्रेशर वाढतं.”

“बरोबर. पहिल्या काही दिवसांतही वाढू शकतं. म्हणून बीपी रोज सकाळ-संध्याकाळ घरी मोजायचं आणि वहीत लिहायचं. घरी १३५/८५ च्या वर राहायला लागलं, की पुढच्या तपासणीची वाट बघायची नाही, मला कळवायचं.”

अकरावीतल्या नातीने मशीन आणलं आणि आजोबांना शिस्त लावली. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू तर नाहीच. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड छातीच्या पातळीत हवा, पट्टा उघड्या दंडावर. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. अण्णांना हे आवडलं. निवृत्तीनंतर पुन्हा रजिस्टर हातात आलं होतं.

नवव्या दिवशी सकाळी आकडा आला १६८/१०२. पुन्हा मोजलं, १६६/१००.

अण्णांनी पेन उचललं, पण ते कागदावर टेकेना. आदल्याच आठवड्यात रक्ततपासणीच्या रांगेत बाकावर शेजारी बसलेला माणूस कुणाला तरी सांगत होता, “बीपी वाढलं म्हणून माझ्या गोळ्या बंद केल्या.” पुढचं बोलणं ऐकायच्या आत अण्णांचा नंबर लागला होता. कॅन्सरची गोळी बंद होणार, एवढंच डोक्यात राहिलं. त्यांनी वहीत लिहिलं : १३२/८४.

त्या दिवसापासून वहीतलं बीपी सरळ रेषेत चालू लागलं. तपासणीचा दिवस नेमका विश्रांतीच्या आठवड्यात आला. गोळी थांबली की या औषधाने चढलेलं बीपी उतरू लागतं, हे अण्णांना ठाऊक नव्हतं. दवाखान्यात भरलं १२८/८०. वहीही तेच सांगत होती. डॉक्टरबाईंनी मान डोलावली. अण्णांना वाटलं, निभावलं.

दुसऱ्या फेरीत ते निभेना. सकाळी डोकं जड व्हायचं. शेजारचे काका आपल्या गोळ्यांची पट्टी घेऊन आले. “माझी बीपीची गोळी घ्या, मला छान लागू पडलीय.” अण्णांनी एक गोळी पट्टीसकट कापून खिशात टाकली. संध्याकाळी कपाळ ठणकू लागलं. मशीनने १८२/१०८ दाखवलं आणि अण्णांनी वहीत १३४/८४ लिहिलं.

नात शेजारीच अभ्यास करत बसली होती. आजोबांचा चेहरा पाहून तिने मशीन ओढलं आणि मेमरीचं बटण दाबलं. १८२/१०८. पुन्हा दाबलं. १७४/१०४. आणखी मागे, १७१/१०२. तिने वही उघडली आणि बोट एकदा मशीनवर, एकदा पानावर ठेवत गेली. काही बोलली नाही. वही तिने आजीकडे दिली.

आजीला कळशीचा किस्सा माहीत होता. तिने वही उपडी केली आणि अण्णांच्या मांडीवर झटकली.

दवाखान्यात फोन लावला, तर ‘लगेच घेऊन या’ असा निरोप आला. रिक्षा नव्या पुलावर चढली तेव्हा अण्णा खालच्या काळ्या पाण्याकडे बघत होते. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा ते सात वर्षांचे होते. आदल्या रात्री धरणाच्या भिंतीवर जवान वाळूची पोती रचत होते आणि खाली पेठा झोपल्या होत्या. वर दाब वाढत होता, खाली खबर नव्हती. आता महिनाभर ती खबर त्यांनीच आपल्या हाताने अडवून धरली होती.

रात्री सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय, मूत्रपिंड, डोळे यांना बीपीने इजा झालेली नव्हती. सकाळी डॉक्टरबाई आल्या तेव्हा अण्णांनी आधी वही पुढे केली, मग खिशातली गोळी.

“ही घेतली नाहीत ते बरं केलंत,” पट्टीवरचं नाव वाचून त्या म्हणाल्या. “हे डिल्टियाझेम आहे. याने कॅन्सरच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. दुसऱ्याला लागू पडलेली गोळी तुम्हाला चालेलच असं नाही.”

“मॅडम, माझी मुख्य गोळी बंद होईल म्हणून...”

“आता चार दिवस थांबवावीच लागेल, काका. पहिल्या वेळी कळवलं असतंत, तर बहुतेक एक बीपीची गोळी जोडून काम भागलं असतं. बीपी चढलं म्हणजे औषध फसलं असं नसतं. या औषधाने ते चढतंच बऱ्याच जणांचं, आणि त्यावर उपाय आहेत. उपाय नाही तो फक्त मला न दिसणाऱ्या आकड्यावर.”

अॅम्लोडिपिन सुरू झालं. जेवणातलं लोणचं-पापड गेलं. डोकं दुखलं तर मनाने कुठलीही वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, कारण त्यांतल्या काहींनी बीपी चढतं, हेही बजावलं गेलं. जोरात डोकं दुखणं, अंधूक दिसणं, छातीत कळ किंवा धाप, यातलं काहीही झालं तर वहीत लिहीत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. पाचव्या दिवशी सुनिटिनिब पुन्हा चालू झालं.

पुढच्या विश्रांतीच्या आठवड्यात अण्णा पलंगावरून उठले आणि भिंत धरून उभे राहिले. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. मशीनवर ९६/६०. गोळी थांबल्याने बीपी उतरलं होतं, आणि त्यात बीपीची गोळी चालूच होती. अण्णांचे हात शिवशिवले. त्यांच्या हिशेबाने अर्धा आटा बंद केला की काम झालं असतं. पण त्यांनी ९६/६० लिहिलं आणि फोन उचलला. पलीकडून डॉक्टरबाईंनी विश्रांतीच्या दिवसांसाठीचा डोस ठरवून दिला.

त्या दुपारी नातीने पाहिलं, आजोबा वहीची पहिली पानं काढून बसले होते. तिला वाटलं, फाडणार. पण खात्यात रजिस्टरचं पान फाडायची रीत नव्हती, खाडाखोडही चालत नसे. अण्णांनी पट्टी घेतली, प्रत्येक खोट्या आकड्यावर एकच सरळ रेघ ओढली, मशीनची मेमरी मागे मागे नेत त्याच्या शेजारी खरा आकडा लिहिला आणि प्रत्येक ओळीपुढे सही केली.

तात्पर्य : लपवलेला दाब उतरत नाही, सांगितलेला उतरवता येतो.